देवळालीचे का तुम्ही?

बाई कोणाच्याही घरी गेल्या की आधी पलंगावरची चादर उलटी करून बघत. चहापाणी, ख्यालीखुशाली हे सगळं नंतर. आमच्या कोपरखैरण्याच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हाही त्यांनी तेच केलं. माझे वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. घर म्हणजे पुढे एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत एकुलता एक लोखंडी पलंग. बाईंनी चपला काढल्या, वाकून चादरीचं टोक उचललं आणि खालची बाजू वर करून बघायला लागल्या. पाण्याचा तांब्या घेऊन आलेली आई दारातच थबकली. तिचा चेहरा उतरला.

"चादर कालच धुतलीया बाई," ती म्हणाली. "ढेकूण न्हाईत आमच्यात."

"ढेकूण नाही हो, देठ बघतेय," बाई म्हणाल्या. "हे गुलाबाचं फूल इथं आलंय खरं, पण आलंय कुठून? पान आहे, कळी आहे, देठच नाही. हवेत लटकलंय बिचारं."

बोनकोड्याच्या बाजारातून आईनं स्वतः निवडून आणलेली चादर होती ती. इतकी वर्षं तिच्यावर झोपूनही हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती जवळ आली, वाकली, फुलावरून बोट फिरवलं.

"व्हय की," ती म्हणाली. "ह्याला धरायलाच काय न्हाई."

आणि तांब्या खाली ठेवून ती बाईंच्या शेजारी पलंगावर बसली. त्या दोघींचं सूत जुळलं ते असं. पुढे आई मला भाजी आणायला पाठवायची तरी म्हणायची, "देठ बघून घे गं."

महाप्याला एका कंपनीत बाई आणि मी काम करायचो. चादरी, पडदे, अभ्रे छापणारी कंपनी. मी डिझाइन विभागात नवी, बाई त्या विभागाच्या प्रमुख. ऑफिसात बाकी सगळ्या बायकांना मॅडम म्हणत. या एकट्याच बाई. उंच, किडकिडीत, अंगावर सुती साडी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक छोटं भिंग. लांबून बघणाऱ्याला ते मंगळसूत्र वाटायचं. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, पण कोणी तसं समजलं तर त्या दुरुस्त करत नसत. "असू दे. प्रवासात उपयोगी पडतं," म्हणायच्या.

माझ्या मुलाखतीत त्यांनी मला जास्वंद काढायला सांगितली. मी पाकळ्या, मधला तुरा, सगळं झोकात काढलं. त्यांनी कागद पाहिला आणि परत माझ्यासमोर सरकवला. "आता हीच मागून काढ. समोरून सगळेच काढतात." मला जमलं नाही. जास्वंदीची मागची बाजू मी कधी बघितलेलीच नव्हती. मी तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं. निदान खोटं तरी काढलं नाहीस," आणि मला नोकरी लागली.

त्यांचं टेबल खिडकीशी होतं. खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसे, पण त्यांची पाठ डोंगराकडे असायची. त्यांचा सगळा जीव कपाटातल्या ट्रेसिंगच्या गुंडाळ्यांत. जुन्या मुघल चित्रांच्या समासातली फुलझाडं, बिदरच्या हुक्क्यांवर चांदीत जडवलेली अफूची बोंडं, पैठणीच्या काठातली असावलीची वेल, परदेशी जाणाऱ्या छिटांवरच्या वेली. हे सगळं त्यांनी कुठकुठल्या म्युझियममध्ये उभं राहून, भिंगातून बघून उतरवून आणलेलं. दुपारी जेवणं झाली की एखादी गुंडाळी उघडायच्या आणि शेजारच्या घरातली भानगड सांगावी तसं सांगायच्या.

"हे बघ. फूल आपलं आहे, पण वर घिरट्या घालतंय ते फुलपाखरू बाहेरचं. गोऱ्या लोकांनी आणलेल्या झाडपाल्याच्या पुस्तकात चिताऱ्यानं ते पाहिलं असणार. उचललं आणि आणून ठेवलं आपल्या फुलावर. आता हे त्या फुलावर जन्मात कधी गेलं नसतं. पण बघ, किती सांभाळून ठेवलंय. बसवलं नाही. येतंय असं काढलंय."

हा त्यांचा कायदाच होता. फुलपाखरू बसलेलं काढायचं नाही, येतंय असं काढायचं. बसलं की गोष्ट संपली, असं त्यांचं म्हणणं. आमच्या शेठना हे काही पटायचं नाही. ते केबिनमधून बाहेर येऊन नमुन्यावर बोट ठेवायचे.

"बाई, पार्टीला बटरफ्लाय मोठा पायजे. एकदम सेंटरला."

"सेंटरला माणूस झोपतो शेठ. चिरडेल ते."

शेठ हसायचे आणि फुलपाखरू शेवटी मोठं व्हायचं, कधी कधी सेंटरलाही जायचं. बाई त्यावर वाद घालत नसत. त्या दिवशी मात्र डबा न खाता तसाच घरी न्यायच्या.

एकदा सणाच्या तोंडावर मोठा माल छापून झाला आणि मग लक्षात आलं की छपाईच्या एका स्क्रीनच्या जाळीला भोक पडलं होतं. प्रत्येक फुलाच्या उजवीकडे, थोडं वर, बोराएवढा काळपट डाग. छपाईचे मास्तर बोनकोड्याचे आगरी, अर्धं आयुष्य छपाईत काढलेले. ते चादरीची घडी घेऊन वर आले आणि बाईंच्या टेबलापाशी उभे राहिले.

"बाय, परत्येक फुलाला हाय. पानी मारून जानार नाय तो."

मागोमाग शेठ आले. ते आवाज चढवत नसत, त्या दिवशीही चढवला नाही. उद्यापासून मास्तरांनी यायची गरज नाही, एवढंच म्हणाले. मास्तर खाली बघत राहिले. त्यांची मोठी मुलगी त्या वर्षी लग्नाला आलेली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

बाईंनी चादर पसरली, डागावर भिंग धरलं. मग शेठना म्हणाल्या, "बसा जरा." शेठ बसले. "युरोपात चिनीमातीची भांडी करायला लागले ना, तेव्हा भट्टीतून बशी निघाली की कुठं बुडबुडा असायचा, कुठं काळा ठिपका. आता एवढी बशी फेकायची का? मग चितारी काय करायचे, त्या ठिपक्यावर एखादा किडा काढायचे, फुलपाखरू काढायचे. राजेरजवाडे त्या फुलपाखरावर खूश व्हायचे. मला एक स्क्रीन जास्तीची द्या. आणि मास्तर लागतील. एवढ्या मालावर नेमकं डागावरच बसवायचं काम दुसऱ्या कोणाच्या हातनं होणार नाही."

त्याच दुपारी त्यांनी डागाच्या मापाचं फुलपाखरू काढलं, गडद तपकिरी. मास्तरांनी सगळा माल पुन्हा टेबलावर घेतला. ते डिझाइन इतकं चाललं की पुढे चांगल्या, डाग नसलेल्या कापडावरही तेच छापावं लागलं. मास्तर राहिले. त्यानंतर दर हिवाळ्यात ते बाईंसाठी खाडीतल्या निवट्यांचं कालवण डब्यातून आणायचे. बाईंच्या घरात कधी मासळी शिजली नव्हती. त्या डबा दोन्ही हातांनी घ्यायच्या, "वहिनींना सांगा, छान वास येतोय," म्हणायच्या आणि मास्तर गेले की तो माझ्याकडे द्यायच्या. एका वर्षी त्यांनी दार लावून घेतलं आणि एक घास खाऊन बघितला. पुढच्या वर्षी डबा माझ्याकडे अर्धाच आला.

या फुलपाखराचं कोणी कौतुक केलं की मात्र त्या चिडायच्या. "ते घाईत काढलेलं आहे. माझं फुलपाखरू ते नव्हे," असं म्हणायच्या. मग त्यांचं फुलपाखरू कोणतं, हे मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी मला साडीची गोष्ट सांगितली.

बाईंचं लहानपण देवळालीत गेलं. वडील शाळेत मास्तर. एका पारशी बाईंच्या बंगल्याच्या आवारात मागे दोन खोल्या होत्या, तिथं हे कुटुंब भाड्यानं राहायचं. त्या पारशी बाईंना सगळे माईजी म्हणत. माईजी एकट्याच, म्हाताऱ्या आणि जरा कडक. त्यांच्याकडे एक साडी होती. वांगी रंगाचं रेशीम आणि त्यावर चीनमधल्या कारागिरांनी भरलेली मोतिया रंगाची फुलं आणि फुलपाखरं. तिकडच्या भाषेत म्हणे फुलपाखराचा आणि पिकल्या म्हातारपणाचा उच्चार एकच, त्यामुळे फुलपाखरं भरलेली साडी म्हणजे दीर्घायुष्याचा आशीर्वाद. थंडी पडली की माईजी ती पेटीतून काढून व्हरांड्यात, सावलीत, खाटेवर पसरायच्या. वारा लागला पाहिजे म्हणून. आणि चिमण्या नि मांजर हाकायला मागच्या खोल्यांतल्या मास्तरांच्या मुलीला बसवायच्या.

"हात नाय लावायचा, दीकरी," त्या म्हणायच्या. "डोळ्यानी खा."

ती मुलगी दिवसभर डोळ्यांनी खायची. घरी जाऊन पाटीवर काढायची. बाई म्हणत, मी चित्रकला कुठं शिकले असं कोणी विचारलं तर मी कॉलेजचं नाव सांगते, पण शिकले ती त्या खाटेशी.

खाटेपेक्षा साडी लांब, त्यामुळे पदराकडचा भाग नेहमी आत दुमडलेला असे. तो बाईंनी कधी पाहिला नाही. एकदा विचारलं तेव्हा माईजी म्हणाल्या, "ते तुझ्या लगनला दाखवीन." पुढे माईजी गेल्या, त्यांच्या माणसांनी बंगल्याला कुलूप लावलं, बाईंच्या वडिलांची बदली झाली.

"मग माझं काही लग्न झालं नाही," बाई म्हणाल्या, "त्यामुळे पदर बघायचा राहिला." रेशनकार्डात नाव घालायचं राहिलं, अशा सुरात.

पण त्यांच्या मनातून तो पदर कधी गेला नाही, हे मला हळूहळू कळत गेलं. कारण बाईंची एक सवय होती आणि तिनं मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. कोणीही पारशी माणूस भेटला की त्या सरळ विचारायच्या, "देवळालीचे का तुम्ही?" वाशीच्या दातांच्या डॉक्टरांना विचारलं, तेही तोंडात कापूस असताना. मुंबईला एका मीटिंगमध्ये समोरच्या पार्टीला विचारलं. बसस्टॉपवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, तर ते म्हणाले, "नाही, मी उदवाड्याचा. का, काय काम होतं?" बाईंनी त्यांना साडीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांची बस गेली, आमचीही गेली. मी म्हटलं, "बाई, अशानं कधी सापडायची ती?" त्या म्हणाल्या, "न विचारता कशी सापडेल?"

निवृत्तीच्या आधी काही वर्षं ऑफिसात कॉम्प्युटर आले. जुनी माणसं कुरकुरली, बाई कुरकुरल्या नाहीत. म्हणाल्या, "बरा आहे हा. एकच फूल कितीदाही काढतो, दमत नाही. फक्त सगळी एकसारखी येतात, तेवढं वाईट." त्याच सुमारास त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पेन्सिल कागदावर टेकवली की रेघेला कंप सुटायचा. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. बाईंनी आम्हाला नाव सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर त्या सानपाड्याच्या आपल्या फ्लॅटमध्येच राहिल्या. मी अधूनमधून जात असे. त्या चहा करायच्या आणि कप मला उचलायला सांगायच्या.

दोन वर्षांपूर्वी वाशीला पडदे-चादरींचं प्रदर्शन होतं. आमच्या कंपनीचा स्टॉल होता आणि मी तिथं उभी होते. बाई बघायला आल्या होत्या, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. माझ्याहून लहान एक मुलगी पडदे बघत होती. केस बारीक कापलेले, खांद्याला कापडी पिशवी. बिलासाठी तिनं पारशी आडनाव सांगितलं आणि आता काय होणार ते मला कळलं. झालंही तसंच. खुर्चीतून आवाज आला, "देवळालीचे का तुम्ही?"

"मी नाही," ती वळून म्हणाली. "माझ्या सासऱ्यांचं बालपण तिकडे गेलं. त्यांच्या आत्याचा बंगला होता."

"दारात दोन सोनचाफे?"

ती गोंधळली. "फोटोत झाडं आहेत दोन. कसली ते माहीत नाही. तुम्ही कोण, आंटी?"

बाई खुर्चीच्या हाताला धरून उठायला लागल्या. मीच पुढे होऊन विचारलं, माईजींची एक वांगी रंगाची साडी होती, ती तुमच्याकडे आहे का?

"अरे, ती? आहे ना," ती म्हणाली. "कपाटात पडलीय. कोण हातच लावत नाही. वजन केवढं आहे तिला."

पुढच्या शनिवारी मी बाईंना रिक्षानं उलव्याला तिच्या घरी घेऊन गेले. नवा टॉवर, लिफ्टला अजून प्लास्टिक लावलेलं. बाईंनी त्या दिवशी ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती आणि अंबाड्यात पेन्सिल नव्हती. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

त्या मुलीनं पलंगावर आधी पांढरी चादर अंथरली आणि तिच्यावर साडी उलगडली. बाई हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. ओळखीच्या गावात शिरावं तशा त्या एकेका फुलाशी थांबत पुढे सरकत होत्या. मधेच म्हणाल्या, "हे मी चार पाकळ्यांचं काढत आले. पाच आहेत." मग पदर उलगडला.

पदर चांगला होता. एक मोठं फूल, दोन फुलपाखरं, कडेनं वेल, एका कोपऱ्यात कोणीतरी निगुतीनं केलेला रफू. मी बाईंच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, काढलं, परत लावलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. अगदी हळू म्हणाल्या, पण खोलीत तिघीच होतो.

मग त्याच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फुलपाखरं लहान आहेत गं. आणि जरा ताठ आहेत. माझ्या डोक्यात फार मोठं झालं होतं सगळं." आणि त्या मुलीला म्हणाल्या, "रागावू नका हं. साडी फार सुंदर आहे. मीच वेडी." त्यांचा चेहरा त्या क्षणी इतका म्हातारा दिसला की मी नजर काढून घेतली.

त्या मुलीनं थोडा विचार केला. "आंटी," ती म्हणाली, "लग्न झाल्यावर सासूबाईंनी एकदा नेसवली होती मला. मी आता नेसून दाखवू? बघू जमतं का."

ती साडी उचलून आत गेली. बराच वेळ लागला. आतून एकदा "अरे देवा" असा आवाज आला, मग पिना पडल्याचा. बाई पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. मग दार उघडलं आणि ती पारशी पद्धतीनं साडी नेसून, पाय जपत जपत बाहेर आली आणि खिडकीपर्यंत चालत गेली.

काय झालं ते मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. पलंगावर ताठ वाटलेली फुलपाखरं निऱ्यांमध्ये गेली. तिनं पाऊल टाकलं की त्यातली काही दिसायची, दुसरं टाकलं की ती नाहीशी व्हायची आणि वेगळीच दिसायची. वेल खांद्यावरून वळून खाली येत होती आणि पदरावरचं ते मोठं फूल, जे मघाशी एकटंच पडल्यासारखं होतं, ते बरोबर तिच्या हाताशी आलं होतं. कारागिरानं ते पलंगासाठी काढलेलंच नव्हतं.

"अजून एकदा चाला," बाई म्हणाल्या.

ती चालली. बाई म्हणाल्या, अजून एकदा. खालून डंपर गेला, काचा थरथरल्या, कोणी लक्ष दिलं नाही. ती मुलगी न कंटाळता त्या खोलीतून चालत राहिली आणि बाई बघत राहिल्या. शेवटी ती बाईंसमोर येऊन उभी राहिली. "हात लावा ना आंटी," ती म्हणाली, आणि पदराचं टोक तिनं बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. त्या रडत होत्या. आवाज नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं.

"मी ती नेसलेली कधी पाहिलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "नेहमी खाटेवरच."

परत रिक्षानंच सानपाड्याला आलो. गेटशी उतरताना बाई म्हणाल्या, "आयुष्यभर सपाट काढत राहिले मी. उद्या रविवार ना? ये. कागद मोठा आण."

तिथून आमचे रविवार सुरू झाले. त्यांचा हात चालत नव्हता, म्हणून त्या सांगायच्या आणि मी काढायची. त्यांना चादरीचं डिझाइन नको होतं. त्यांना साडी काढायची होती, नेसल्यावर कुठलं फूल कुठं जाईल, चालताना काय झाकेल आणि काय उघडेल, हे सगळं धरून. ते मला झेपत नव्हतं. मग एक दिवस त्यांनी त्यांची जुनी सुती साडी मला नेसायला लावली, तिच्यावर कागदाची फुलपाखरं टाचण्यांनी लावली आणि सोसायटीच्या पॅसेजमध्ये मला ये-जा करायला सांगितलं. त्या स्वतः दारात खुर्ची टाकून बसल्या. "हळू. आता वळ. निरी सोडू नकोस. थांब, ते डावीकडचं मेलं दिसतच नाहीये, वर घे." समोरचे काका पेपर घेऊन दार उघडून बाहेर आले.

"काय बाई, नाटक बसवताय का?"

"हो," बाई म्हणाल्या. "तिकीट काढा, मग बसा."

काका खरोखरच खुर्ची घेऊन आले. त्यांच्या बायकोनं चहा आणला. मी लाजेनं अर्धमेली होऊन चालत होते आणि बाई मांडीवर हात मारून हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांच्याबरोबरच्या सगळ्या दिवसांतला एकच दिवस परत मिळणार असेल, तर मी तो मागीन. त्या दिवशी मला तो नुसता उकाड्याचा आणि टाचण्या टोचण्याचा वाटला होता.

अंग झालं, काठ झाले. पदराशी आम्ही अडलो. बाईंना माईजींच्या साडीचा पदर नको होता आणि स्वतःचा सुचत नव्हता. "घाई नाही," त्या म्हणायच्या. "येईल." एका रविवारी त्यांनी डोळे मिटून बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "इथं फार भरू नकोस. बाईमाणसाचा हात इथं असतो, कधी मूल असतं. त्यांना जागा ठेव." एवढं एक वाक्य मी पेन्सिलीनं कडेला लिहून ठेवलं. त्यानंतर आमचा एकच रविवार झाला, आणि त्यात आम्ही काम केलं नाही. त्यांना बरं वाटत नव्हतं म्हणून मी मऊ भात केला आणि आम्ही दोघींनी खाल्ला. मी निघाले तेव्हा त्या आतूनच म्हणाल्या, "दार नुसतं ओढून घे."

बुधवारी दुपारी त्या झोपल्या त्या उठल्या नाहीत. समोरच्या काकांनी मला फोन केला. पुण्याहून त्यांचा भाचा आला, सज्जन माणूस, मावशीला फारसं न ओळखणारा. छपाईचे मास्तर आले, आई आली. आईनं बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "किती बारीक बघायच्या हो."

भाच्यानं ट्रेसिंगच्या गुंडाळ्या एका कॉलेजला दिल्या. आमचा मोठा कागद मला दिला. तो माझ्याकडे आहे. मी तो बरेचदा उघडते. पदराची जागा कोरी आहे. मी हात चालवून पाहिला, पण प्रत्येक वेळी जे येतं ते नीटनेटकं असतं आणि तेवढंच असतं. मी खोडून टाकते.

बाई गेल्याच्या पुढच्या आठवड्यात उलव्याहून त्या मुलीनं मोबाईलवर फोटो पाठवला. नात्यात कोणाचा तरी नवजोत, म्हणजे पारश्यांची मुंज, होता आणि तिनं साडी नेसली होती. फोटो कोणीतरी चालताना काढलेला, जरा हललेला. खाली लिहिलं होतं, 'आंटींना दाखवा.' मी तिला फोन केला आणि सांगितलं. ती म्हणाली, "आता मी नेसत जाईन हां. पेटीत नाही ठेवणार."

गेल्या महिन्यात एका रविवारी काही काम नसताना मी सानपाड्याला गेले. का गेले ते सांगता येणार नाही. पाय वळले म्हणू. गेटवर नवा वॉचमन होता. "किधर जाना है?" त्यानं विचारलं. मी बाईंच्या फ्लॅटचा नंबर सांगितला. त्यानं वहीत नुसती खूण केली आणि मला आत सोडलं.

वर गेल्यावर मी बेल वाजवली. दार एका तरुण मुलीनं उघडलं. केस ओले, खांद्यावर टॉवेल, आतून कुकरची शिट्टी. तिच्या मागे खोली दिसत होती आणि ती आता पूर्णपणे दुसऱ्या कोणाची तरी खोली होती.

"कोण पाहिजे?" तिनं विचारलं.

माझ्या ओठांवर नाव आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "चुकून आले. मजला चुकला."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. "खूप ऊन आहे बाहेर," ती म्हणाली. "थांबा, पाणी देते," आणि आत गेली. दार तिनं उघडंच ठेवलं होतं. तिनं स्टीलच्या भांड्यातून पाणी आणून दिलं. माठातलं होतं, गार. मला दोन घोट पुरले असते. पण भांडं रिकामं होईपर्यंत मी त्या दारात उभी राहून पाणी पीत राहिले.